अर्धा मीटर समुद्र

(नवी मुंबई, १९९६. शहराचे आराखडे करणाऱ्या एका सरकारी कचेरीतली दुपार. विश्वजित साहेबांच्या हातात लाल पेन आहे, आणि हे पेन हातात आलं की साहेबांना काहीतरी कापल्याशिवाय चैन पडत नाही. समोर खाडीकाठच्या कामोठ्याचा आराखडा घेऊन उभी आहे त्यांची कनिष्ठ नियोजनकार, राजेश्वरी.)

विश्वजित : अर्धा मीटर फार होतं, राजेश्वरी. पाव करा.

राजेश्वरी : समुद्राची पातळी आहे साहेब, भाजी नाही.

विश्वजित : माझ्या टेबलावर आलेला आकडा निम्मा होऊनच पुढे जातो. पंप मागा, झाडं मागा, खुर्च्या मागा. आजवर कुणाची तक्रार नाही.

राजेश्वरी : कशी असेल? सगळे दुप्पटच मागतात.

विश्वजित : तुम्हीसुद्धा?

राजेश्वरी : मीसुद्धा. या आराखड्यात पंप दुप्पट आहेत, झाडं दुप्पट आहेत. समुद्र तेवढा खरा लिहिलाय.

विश्वजित : तिथंच चुकलात. एक मीटर लिहायचा, मी कापून अर्धा केला असता. तुम्ही खूश, मी खूश.

राजेश्वरी : शास्त्रज्ञांच्या नावावर खोटं कसं खपवू? त्यांनी हिशेब मांडून सांगितलंय. हवा तापतेय, शंभर वर्षांत समुद्र साधारण अर्धा मीटर चढेल, पाऊसही आडदांड होईल.

विश्वजित : शंभर वर्षांनी मी रिटायर झालेला असेन.

राजेश्वरी : तुम्ही व्हाल. समुद्र नाही होणार.

विश्वजित : आणि मुळात समुद्र आपल्या खात्यात येत नाही.

राजेश्वरी : खात्यात नाही येत, कामोठ्याच्या सेक्टरात येईल. आपण पावसाचं पाणी तलावात साठवतो आणि ओहोटीला दारं उघडून खाडीत सोडतो. समुद्र चढला की दारं जास्त वेळ बंद राहणार. तोवर पाऊस काय थांबून राहणार आहे? म्हणून म्हणते, मातीचा भराव आत्ताच उंच घाला. एकदा बिल्डिंगी उभ्या राहिल्या की जमीन खालून उचलता येत नाही.

विश्वजित : तुम्ही साताऱ्याकडची माणसं समुद्राला उगीच भिता.

राजेश्वरी : आमच्याकडची नदी उन्हाळ्यात तरी गप पडून असते. ही भरती दिवसातून दोनदा हजेरी लावते. आपल्या कचेरीत तेवढं कुणी लावत नाही.

विश्वजित : पाव मीटर. हे बघा, लिहिलं.

बंडू : साहेब, येऊ काय? पेढे हायेत.

विश्वजित : ये बंडू. आज आपल्या कचेरीच्या घरबांधणी सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः पेढे वाटतायत. फ्लॅटच्या चिठ्ठ्या निघाल्या वाटतं?

बंडू : आत्ताच खाली काढल्या. तुमाला तळमजला लागला साहेब, कोपऱ्याचा. मॅडमना तिसरा.

विश्वजित : आईचे गुडघे देवाला दिसले म्हणायचे. बाबा गेल्यापासून एकटी राहते हो गावाला. इकडे ये म्हटलं की म्हणते, तुझा जिना काढून टाक, मग येते. आता निमित्तच उरलं नाही.

बंडू : आनि सोसायटीचा जुना प्लॉट रस्त्यात गेला ना, त्याच्या बदल्यात झकास जागा भेटली. कामोठ्याला, खाडीकडं. काय वारा येतो साहेब.

राजेश्वरी : शेवटचा सेक्टर का हो, बंडूभाऊ?

बंडू : तोच. पुढं फक्त तलाव.

राजेश्वरी : साहेब, पेढा खा ना. हातातच राहिला.

विश्वजित : राजेश्वरी, तो तुमचा समुद्र शंभर वर्षांनीच येणार ना?

राजेश्वरी : माझा कुठला साहेब, आता शेजारी तुमचा. तो शंभर वर्षं दम धरून एकदम नाही येत, थोडा थोडा चढतो. एखाद्या जुलैत धो धो पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली, की पहिलं पाणी तळमजल्याला.

बंडू : कसलं पानी? मॅडम, मी पन तळमजल्यालाच हाय.

विश्वजित : तू पेढे वाट. राजेश्वरी, तुम्ही तरुण माणूस. तळमजला तुम्ही घ्या, तिसरा मला द्या. दारात छान बाग करता येईल.

राजेश्वरी : कमळांची?

विश्वजित : थट्टा नको.

राजेश्वरी : बरं, नाही करत. पण आईंचे गुडघे तीन जिने चढतील?

विश्वजित : नाही चढणार. एक जिना म्हटलं तरी ती पिशवी भरून गावाला परत निघेल. मी सांगतो तुम्हाला, इतकी वर्षं मी तिची वाट बघितली, ती काय पाण्यातून उचलून न्यायला?

बंडू : साहेब, आमचं बी बघा. पोरं लहान हायेत.

विश्वजित : आणा तो आराखडा इकडे. पाव खोडला. अर्धा मीटर. भरावही तुम्ही म्हणता तेवढा उंच. ही सही.

बंडू : चला, टेन्शन खल्लास.

विश्वजित : कसलं खल्लास. हे आता मुख्य कचेरीत जाणार. निम्मं कापायचं मी शिकलो ते तिथल्या साहेबांच्याच हाताखाली. राजेश्वरी, एक मीटर करून टाका.

राजेश्वरी : नाही साहेब. जाईल तर खराच जाईल. बरोबर आपण दोघं जाऊ.

विश्वजित : जाऊन सांगणार काय? त्यांना शास्त्रज्ञ सांगून कळणार नाही. मला तरी कुठं कळलं?

राजेश्वरी : त्यांना आई आहेत ना?

विश्वजित : आहेत की. ऐंशीच्या घरात आल्या. का?

राजेश्वरी : कितव्या मजल्यावर राहतात?