रक्तातच असतं ते

नगरच्या एका दवाखान्यात सासऱ्यांचा एक्स-रे निघेपर्यंत हुमेरा बाकावर टेकली होती. शेजारी एक म्हातारी आणि तिचा कॉलेजातला नातू. नातवाच्या बाहीवर रक्त वाळलेलं.

"सारखी दाराकडं बघू नको, आजी. ऑपरेशन झालं की काका वाचतील."

"माज्या एका पोरानं दुसऱ्याला तोडलं रं, समर्था. वीतभर बांधापायी."

"बांध काकांनीच कोरला हुता."

"कोरला आसंल. म्हनून सख्ख्या भावावर कुऱ्हाड?"

"आप्पांचा एकट्याचा दोष न्हाई. आमाला शिकवलंय कॉलेजात. मानूस बी माकडाच्याच जातीतला. हद्दीत कुनी घुसलं की नर अंगावर जातोच. लाखो वर्सांचं रक्तात हाय ते."

"मंजी तुजा बाप वानर?"

"सगळेच. पोलिसास्नी बी हेच सांगायचं, रागाच्या भरात हात उठला."

"वानरं आपल्या चिंचेवर रोज भांडत्यात. चिडली की तितल्या तितं चावत्यात, आन् मग एकमेकांच्या उवा काढीत बसत्यात."

"तेच तर म्हनतोय मी."

"बांध कोरला त्याला आठ दिस झालं. मधी काष्टीचा बाजार झाला. तितं लोहाराकडनं कुऱ्हाडीला धार लावून आनली. वानर धार लावाया जातंय व्हय?"

"आजी..."

"गाडीवर कुऱ्हाड घिऊन बाजाराला तूच गेल्तास न्हवं?"

"हळू बोल. लोकं ऐकत्यात."

हुमेराने घाईने मोबाईल कानाला लावला. पलीकडे कोणीच नव्हतं.