लाखाच्या वरचा फोटो

नंदिनी : दुसरा दाखवा. दोन काढले होते आम्ही.

बाळासो : दुसऱ्यातबी त्येच हाय, ताई. ह्यो बघा. टीव्हीची पेटी दिसतीया, वरची फुलदाणी दिसतीया, आन् काचंवर नुसता पांढरा गोळा. फ्लॅश मारला व्हय कुणी?

चन्नवीर : मी मारला. खोलीत अंधार होता.

बाळासो : आरं, काचंवर फ्लॅश मारल्यावर त्यो उलटा कॅमेऱ्यातच येणार की! टीव्हीला सोताचा उजेड असतोय. कॅमेरा स्टँडवर ठेवायचा आन् शटर हळू सोडायचं. कॉलेजला रोज माझ्या स्टुडिओवरनंच जातोस न्हवं? आधी एक हाक मारायची.

चन्नवीर : वेळ कुठं होता? अक्काचं शेवटचं विमान फुटलं आणि पडद्यावर आकडा आला. तेवढ्यात लाईट गेली असती तर? मित्राचा कॅमेरा घरात पडलेला, तो उचलला आणि मारले दोन.

बाळासो : कसला आकडा?

नंदिनी : कॉम्प्युटरवरचा गेम आहे. आमच्या काकांनी मस्कतहून आणलाय कॉम्प्युटर. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची. मग बोगद्यातनं विमान न्यायचं, वाटेत दगड येतात ते चुकवायचे. जितकं लांब जाल तितका स्कोअर.

बाळासो : मग त्यो स्कोअर असंल की आत. लावा परत, मी येऊन काढतो.

नंदिनी : राहत नाही आत. बंद केलं की पुसला जातो.

बाळासो : पुसला तर पुसला. गेमच न्हवं?

चन्नवीर : गेमच, पण पुण्याच्या एका कॉम्प्युटर क्लासनं स्पर्धा लावलीय. लाखाच्या वर स्कोअर गेला की पडद्याचा फोटो पाठवायचा. फोटो पोचला की ते पुण्याला बोलावणार, त्यांच्यासमोर खेळायचं. पहिला येईल त्याला वर्षभर कॉम्प्युटर शिकवणार.

नंदिनी : चन्ना, बास.

चन्नवीर : सांगू दे की. बाळासो, अप्पा-अव्वा हिला स्थळं बघायला लागलेत. बी.एस्सी. झाली, आता शिक्षण पुरे म्हणतात. हिनं पुण्याचं नाव काढलं की अप्पा उठून गुळाच्या अडतीवर जातात. पण परवा जेवताना म्हणाले, त्या लोकांनी आपणहून बोलावलं तर मी स्वतः हिला आत्याकडं सोडून येतो. आणि आमचे अप्पा एकदा बोलले की फिरत नाहीत.

बाळासो : गूळवाल्या अप्पांचा शब्द म्हंजे झालंच की काम! मग ताई, लाख झालेलं तुम्ही डोळ्यांनी बघितलंय, ह्येनं बघितलंय. तसंच लिवून पाठवा की.

नंदिनी : फोटोशिवाय घेत नाहीत. आणि उद्याच्या टपालानं गेला नाही तर मुदत संपते.

बाळासो : उद्याच्या न्हवं? मग आज दुपारी खेळा. मी स्टँड घेऊन येतो. रातीच धुऊन देतो फोटो.

नंदिनी : तसं होत नाही हो ते. दिवाळीपासनं खेळतीय मी. लाख एकदाच झाले.

बाळासो : एकदा झालं त्ये दुसऱ्यांदा हुईल. काय चन्नवीर?

चन्नवीर : होईल. अक्का, होईल की गं.

(दुपार. नंदिनीच्या घरातली पुढची खोली. उजेड येऊ नये म्हणून खिडक्यांना चादरी लावल्या आहेत. टीव्हीसमोर नंदिनी, बाजूला स्टँडवरच्या कॅमेऱ्याजवळ बाळासो आणि चन्नवीर.)

बाळासो : आवाज चालंल का बोललेला?

चन्नवीर : शू.

नंदिनी : चालेल. फक्त आकडा कुणी सांगू नका. चन्ना, तू सुद्धा.

बाळासो : न्हाय सांगत. आयला, काय पळतंय त्ये! दगड येतोय ताई, डावीकडनं... गेला. दुसरा आला... गेला! ह्येला ब्रेक न्हाय का?

नंदिनी : नाही.

बाळासो : मग कळतं कसं कुठं वळायचं?

नंदिनी : कळत नाही. हात वळतो. मी विचार करायला गेले की फुटतंय.

चन्नवीर : अक्का, एक विमान शिल्लक आहे अजून.

नंदिनी : माहीत आहे.

बाळासो : (हळू) चन्नवीर, किती झालं?

चन्नवीर : (हळू) नव्वदच्या पुढं. कॅमेरा धरा. संपल्यावर आकडा थांबतो, तेव्हाच दाबा.

बाळासो : धरलाय. तू हलू नको.

नंदिनी : कुजबुजू नका रे. नव्वद गेले ना?

चन्नवीर : तू बघू नकोस. अक्का, वर बघू नकोस.

नंदिनी : नाही बघत. आत्या सकाळी किती वाजता उठते रे? पुण्यात पाणी पहाटे येतं म्हणत होती.

चन्नवीर : आता काय ते! समोर बघ.

नंदिनी : समोरच बघतीय. ती म्हणालीय, माडीवरची खोली देते. खिडकीतनं रस्ता दिसतो. किती राहिले, चन्ना?

चन्नवीर : थोडेच. बोलू नको.

बाळासो : ताई, उजवीकडं! उजवीकडं वो!

चन्नवीर : अगं, फुटलं!

नंदिनी : बघितलं मी. आकड्याकडं बघितलं.

चन्नवीर : सत्त्याण्णव. अक्का, सत्त्याण्णव हजार! परत लाव. अजून दिवस मावळला नाही, वेळ आहे.

नंदिनी : लाव कॅसेट.

बाळासो : हातपाय धुऊन या जरा, ताई. घोटभर पाणी प्या.

नंदिनी : नको. लाव रे.

चन्नवीर : लागली. चल.

नंदिनी : गेलं. हे बघ. पहिल्याच वळणाला.

चन्नवीर : परत.

नंदिनी : हेही गेलं. चन्ना, आता नाही होणार. मला कळतंय.

बाळासो : मी थांबतो की. लग्नाची ऑर्डर हाय संध्याकाळी, तवर थांबतो.

नंदिनी : नका थांबू. तुमचा रोलही फुकट गेला.

बाळासो : फुकट कशाला? एक काढला मी. तुम्ही नव्वदच्या पुढं खेळत हुता तवा. ह्या पोरानं कॅमेरा धर म्हटलं, मी धरला, पर डोळा लावला तर काचंपेक्षा तुमचाच चेहरा बरा दिसायला लागला, तसा तिकडं वळवला. टीव्हीचा उजेड पडलेला. देतो कापी पाठवून.

नंदिनी : तो पाठवून काय करू? त्यांना आकडा पाहिजे.

बाळासो : ठेवा घरात.

*

नंदिनी : अप्पा कुठं आहेत? एकटाच आलास?

चन्नवीर : अडतीवर उतरले. इचलकरंजीत जेवायलाच लावलं मुलाकडच्या लोकांनी. मोठं घर आहे, अक्का. मागच्या बाजूला त्यांचेच माग चालतात, बोललेलं ऐकू येत नाही.

नंदिनी : मुलगा?

चन्नवीर : शांत आहे. वाईट नाही. कॉम्प्युटर बंद का? मी येताना आवाज येईल म्हणत होतो.

नंदिनी : काल परत झाले लाख.

चन्नवीर : काय? कधी?

नंदिनी : तुम्ही तिकडं जायची तयारी करत होता. अव्वा तांदूळ निवडत होती. लाखाच्याही बरेच वर गेले. हात आपोआप वळत होता.

चन्नवीर : आणि तू सांगितलं नाहीस? बाळासोंना बोलावून आणलं असतं मी पळत जाऊन!

नंदिनी : कशाला? मुदत जाऊन तीन महिने झाले. थोडा वेळ बघत बसले आणि बटण बंद केलं.

चन्नवीर : अक्का...

नंदिनी : असू दे. तिकडचं सांग. काय म्हणाले?

चन्नवीर : पसंत आहे म्हणाले. फोटोवरनंच. बाळासोंनी काढलेला तो फोटो अव्वानं दिला होता अप्पांकडं. तुझा दुसरा कुठला तेवढा चांगला नाही म्हणाली. मुलाच्या आईनं दोनदा हातात घेऊन बघितला. मुलगी एवढी टक लावून काय बघतीय, म्हणून विचारत होत्या.

नंदिनी : मग अप्पांनी काय सांगितलं?

चन्नवीर : टीव्ही बघतीय म्हणाले.

नंदिनी : तू होतास ना तिथं?

चन्नवीर : होतो. बोलणार होतो मी, खरंच. पण सगळे हसले, आणि मुलाच्या आई म्हणाल्या, आमच्याकडंही आहे, रंगीत.

नंदिनी : बरं झालं नाही बोललास. हातपाय धू. भाकरी गरम आहे.