कुंभकरनाच्या डोकशातली मशीन

नाई, पन मी म्हनते, कुंभकरनाले ऐकू यावं लागते कायले? सांगा ना! ज्याचं सारं कामच झोपनं हाये, त्याच्या कानात मशीन? इथं जितीजागती मानसं एकमेकायचं ऐकून नाई राह्यली, त्यायले कोनी मशीन लावत नाई, अन् त्या फायबरच्या डोकशाले दोन-दोन माइक, वायरी, बटन, बॅटरी… मले तं बाप्पा काईच उमजलं नाई!

बसा, बसा, सांगते. तुमी बाहेरगावचे, तुमाले काय मालूम. आमचं गाव पवनारच्या इकडं, धाम नदीच्या काठी. दसऱ्याच्या आंधी गावात रामलीला होते. बाकीच्या गावात मान रामाले, आमच्या गावात कुंभकरनाले! अन् कुंभकरन कोन? आमचे बुढे. नाव मी घेत नाई, पन सारं गाव घेते, 'किसनराव कुंभकरन'. वांगे अन् सांबार, म्हंजे तुमची कोथिंबीर, घेऊन वर्धेच्या बजारात गेले का तिथले अडते बी इचारतेत, "काहो कुंभकरन, जागे झाले काय?" अन् हे असे फुलतेत जसं कोनी हार घातला. पयले ह्यायचे बाबा, म्हंजे माहे सासरे, झोपत होते कुंभकरन म्हनून, मंग हे झोपाले लागले. बाकीच्यायच्या घरी वावर येते वारशात, आमच्या घरी झोप आली!

आता आमच्याकडची रीत अशी, का कुंभकरनाले उठवाले सारं गाव घरून भांडे घेऊन येते. ताटं, घमेले, डब्बे, कोनी तं टिनाचा पत्राच उचलून आनते. या पाठात, म्हंजे नाटकाच्या या तुकड्यात, आळशी पोरं मुद्दाम पुढं बसवतेत, त्यायची बी झोप उडते म्हनतेत. आन् मंग जे वाजवतेत, जे वाजवतेत… पन कुंभकरन काई हलत नाई! त्यानं हलाचंच नाई. सारे थकले, गप्प झाले, का मंग त्याची बायको, म्हंजे मी, ज्वारीची भाकर अन् वांग्याची भाजी ताटात घेऊन जाते, त्यायच्या नाकापाशी ठेवते अन् हळूच म्हनते, "उठा जी, भाकर निवून राह्यली." का कुंभकरन उठलाच! अन् मानसं अशी हासतेत का मांडव हालते. तेवढंच माहं काम, पन ते हळूच म्हनाचं. वरडून म्हनलं तं मजा गेली.

तं झालं काय, जुनं डोकशं, म्हंजे मुखवटा, होतं कागदाच्या लगद्याचं, ते खाल्लं उंदरायनं. मंडळानं नागपुरावरून नवं आनलं फायबरचं. शिंगं, मिशा, दात, बम दिसते! पन जाड असं का आत घातलं का बाहेरचं काईच ऐकू येत नाई. मागच्या साली मी म्हनलं, "उठा जी, भाकर निवून राह्यली." उठेच नाईत. पुन्हा म्हनलं. नाई. मंग वरडून म्हनलं, मंग ढकललं, मंग कोनीतरी पाठीमागून बोंबललं, "गेला रे बुढा!" अन् बाया रडाले लागल्या, मले तं एकीनं धरूनच ठेवलं, अन् तिकडं आतून घोरनं ऐकू येऊन राह्यलं! खरेखुरे झोपले होते, मानूस!

मंग काय, मंडळाचे अध्यक्ष दौलतराव, जे रावन होतेत, ते घरी आले. खुर्चीवर बसले, चहा पेला अन् म्हनले, "किसनभाऊ, गावाची हासी झाली. पुढच्या साली वहिनीच्या आवाजावर उठले तं ठीक, नाई तं डोकशं बंडूजीले देऊ. तो तयारच हाये."

बंडूजी म्हंजे आमच्या वावराच्या शेजारचा. तिकडून धुरा, म्हंजे वावराचा बांध, अन् इकडून कुंभकरन, दोन्ही गोष्टीवर त्याचा डोळा. दौलतराव गेले अन् हे जे बसले, जेवले नाईत. मी म्हनलं, "जाऊ द्या ना, दुसरा झोपन." तं माह्याकडं असं पाह्यलं जसं मी घर इकाले काढलं! "तुले काय मालूम," म्हने, "झोपनं सोपं असते काय?" आता मले तं बाप्पा काईच उमजलं नाई. सारी जिंदगी मी उठली पहाटे, हे झोपले, अन् कठीन काम कोनाचं, तं झोपन्याचं!

मंग आमची नात अंकिता, वर्धेले कॉलेजात शिकते, वायरीबियरीचंच शिकते, ते म्हने, "आबा, टेन्शन नका घेऊ, मी डोकशालेच कान बसवते."

मी म्हनलं, "भोकं पाड ना दोन!"

"फायबर तडकते, आजी."

"मंग मीच जोरानं म्हनते."

"वरडून म्हनलं तं मजा जाते म्हनते ना तू?"

बसली ते ओसरीवर सामान घेऊन. धूर, वास, गरम सळई… डोकशाच्या दोन कानात दोन माइक बसवले चन्याएवढे. आत बसवलं आमच्या पियुषचं, म्हंजे तिच्या भावाचं, गाडीवरचं हेल्मेट, का डोकशं हलाले नको. त्यात दोन कानाले दोन स्पीकर, मांग बॅटरी, अन् आवाज कमी-जास्त कराची एक घुंडी. मले समजावून सांगे, "हे पाय आजी, बाहेरचा आवाज माइक घेते, मशीन त्याले मोठा करते, अन् आबाच्या कानात सोडते."

मी म्हनलं, "म्हंजे आवाज बाहेर ल्हान, आत मोठा?"

"हो."

"अन् बाहेरच मोठा केला तं?"

"आजी, तू भाकरी टाक."

टाकल्या. काय करू?

मंग झाली परीक्षा. बुढ्याले खाटेवर झोपवलं, डोकशं घातलं, हनुवटीखालून पट्टा खटकन लावला. पयले तं आतून असा आवाज निंगाला, 'कूंऽऽऽऽ', का गोठ्यातली गाय उभी राह्यली. अंकितानं काईतरी फिरवलं, ठीक झालं. मी चुलीपाशी गेली अन् हळूच म्हनलं, "उठा जी…" अन् हे ताडकन बसले! डोकशं काढलं तं डोळ्यात पानी. म्हने, "मनकर्णे, तुहा आवाज असा कानात आला जसं लगनाच्या आंधी!" अवो, लगनाच्या आंधी आमी बोललोच नव्हतो! पन जाऊ द्या, मानूस खुश होता.

अंकिता म्हने, "आजीचा आवाज मांडवात अजून हळू येईन, घुंडी फुल ठेवते. आबाच्या हातानं फिराले नको, चिकटवूनच टाकते." अन् दिली चिकटवून. चांगली सायन्सवाली पोरगी, तिचे आबा, मी, पियुष, सारे तिथं उभे. घरात कसं शांत शांत! अन् एकाच्याबी डोकशात आलं नाई, का माह्या हळू आवाजाच्या आंधी काय होते ते! वर्सानुवर्स वाजवलेली भांडी हो! ताटं आमीच घासून ठेवलेली कोपऱ्यात! मले तं बाप्पा अजून बी उमजलं नाई, का आमी सारे त्या दिवशी कोन्या दुनियेत होतो.

झाली रामलीला सुरू. सांजची येळ, मांडव भरला. कुंभकरन खाटेवर आडवा, वाघाच्या पंजायचे हातमोजे घातलेले, पोटावर गादी बांधलेली. दौलतराव रावन होऊन आले, दहा डोकशायची पट्टी लावून, अन् त्यायनं आवाज लावला, "हे प्रधाना! माझा बंधू निद्रिस्त आहे…" नाटकात ते शुद्ध बोलतेत, घरी नाई.

इकडं मांडवात पुढं बसला होता बंडूजी, तो त्याच्या बायकोच्या, रीताच्या, कानात हळूच म्हनला, "यंदा बी हा म्हातारा उठत नाई, पायजो."

अन् खाटेवरून आवाज आला, "बंडू, म्हातारा तुहा बाप!"

साऱ्या मांडवानं माना वळवल्या! झोपलेला कुंभकरन बोलते कसा? दौलतरावायचं नऊ नंबरचं डोकशं सरकलं, ते सावरत म्हनले, "प्रधाना… माझा बंधू… झोपेत बरळते!" पुन्हा सुरू झाले. तं मागून कोनीतरी बाई दुसरीले सांगून राह्यली, का मनकर्णाबाईच्या भाजीत मागच्या साली मीठ जास्त होतं. झालं! खाटेवरून, "मीठ बराबर होतं!"

आता खरं सांगते, मी पडद्यामांगं ताट घेऊन उभी, अन् मले भरून आलं. एवढ्या वर्सात घरी कधी म्हनले नाईत का मीठ बराबर हाये, अन् म्हनले तं साऱ्या गावापुढं, अन् तेबी झोपेत!

मंग हिरालाल डफडंवाला पुढं आला. त्यानं हात वर केला, साऱ्यायनं ताटं उचलली, घमेले उचलले… अन् तवा अंकिता माह्याकडं पाहे अन् मी अंकिताकडं. पोरगीचं तोंड पांढरं! "आजी," म्हने, "घुंडी…"

धाऽऽडकन पयला ठोका!

अवो, कुंभकरन उठला नाई, उडला! खाट उलटी, गादी सुटून पायात. मंग मले सांगत होते, "मनकर्णे, असं वाटलं का थ्रेशर डोकशातच चालू केलं." पट्टा सोडाले गेले तं हाताले वाघाचे पंजे! घुंडी फिरवाले गेले तं चिकटवलेली! अन् लोकायले काय वाटलं? लोकायले वाटलं, यंदा मंडळानं नवीन पाठ बसवला. ते तं अजूनच जोरात वाजवाले लागले! लोकं वाजवतेत म्हनून हे पळतेत, हे पळतेत म्हनून लोकं वाजवतेत, आता थांबावं कोनानं?

मांडवातून निंगाले, मारोतीच्या देवळाले फेरा मारला, आमच्याच वांग्यायतून गेले, म्हंजे झाडं बी आमचीच मोडली, अन् मांगं सारं गाव! ताटं, घमेले, डब्बे, डफडं! रावन बी निंगाला होता, "भाऊ थांबा! भाऊ थांबा!" करत, पन मांडवाच्या दारात दहा डोकशे आडवे अडकले, तो तिथंच राह्यला. अन् मी? मी बी पळते ना! एका हातात लुगडं, दुसऱ्या हातात ताट, भाकर उडू नये म्हनून वरून आंगठा! अंकिता वरडून राह्यली, "वाजवू नका! अवो वाजवू नका!" पन ज्याच्या हातात घमेलं हाये त्याले कोनाचं ऐकू येते? मशीन तं तिथं पायजे होती!

शेवटी धामच्या पान्यात जाऊन बसले. गळ्यापर्यंत. मशीनमधून 'फुस्स' आवाज निंगाला अन् सारं गार. हे बी गार. सारं गाव काठावर उभं, हात थकले, गप्प. अंकितानं पान्यात उतरून पट्टा सोडाले घेतला तं निंगेना. कुंभकरन तसाच बसलेला, शिंगावर शेवाळ.

अन् मले काय सुचलं, मालूम नाई. काठावर बसली, ताट पुढं केलं, अन् हळूच म्हनलं, "उठा जी, भाकर निवून राह्यली."

आता मशीन मेलेली. डोकशं जाड. ऐकू आलं का भाजीचा वास आला, का पान्याची थंडी वाजली, देवाले ठाऊक. पन उठले, हो! उभे राह्यले पान्यातून, पंजा पुढं केला अन् भाकर घेतली. अन् गाव असं हासलं, अशा टाळ्या वाजवल्या, का नदीवरचे बगळे उडाले.

दुसऱ्या दिवशी मंडळ बसलं. हे कोपऱ्यात, मान खाली, आंगाले तेल चोळलेलं, सारं आंग दुखून राह्यलं. मले वाटलं, गेलं डोकशं. दौलतराव म्हनले, "बापहो, असा कुंभकरन आजवर झाला नाई! पुढच्या सालापासून हाच पाठ. मांडवातून पळाचं, देवळाले फेरा, नदीत बसाचं, मंग वहिनीनं उठवाचं. आता सांगा, डोकशं कोनाले? बंडूजी, तू मांगत होता ना?"

बंडूजी म्हने, "मले? नाई बा… माहे गुडघे दुखतेत."

अन् हे ताडकन उभे! "मी पळतो!" म्हने. सत्तरीचा मानूस! झोपाचं काम होतं चांगलं बसल्या जागी, वडिलोपार्जित, ते गेलं अन् पळाचं आलं, अन् हे खुश! घरी येऊन मले म्हनतेत, "पाह्यलं? राह्यलं ना डोकशं आपल्या घरी?"

मले तं बाप्पा काईच उमजलं नाई!

तं आता असं हाये, भाऊ. रोज सकाळी धुऱ्यानं पळाची प्रॅक्टिस सुरू हाये. डोकशं घालून, का सवय व्हाले पायजे. मशीन अंकिता घेऊन गेली दुरुस्तीले, अजून आली नाई. अन् ह्यायचं म्हननं असं, का मांगं भांडं वाजल्याबिगर पाय उचलतच नाईत. मंग वाजवाले कोन? मी! या वयात मी धुऱ्यानं ताट बडवत पळते, लोकं बजारात जाता जाता गाडी थांबवून पाहून राह्यले, अन् हे पुढून वरडतेत, "अवो, जोरानं वाजव! काईच ऐकू नाई येऊन राह्यलं!"

वाजवते. काय करू?