रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी

बाळाबाई : …आणि हे निळं-हिरवं पट्टं कशाचं म्हणायचं? लुगड्याचं काठ दाखवायला आलायस व्हय मला?

आशुतोष : नाही मॅडम, हे तुमच्या तीन बिल्डिंगचं काम आहे. ही सानपाड्याची, ही सारसोळ्याची, ही बोनकोड्याची. एकेक पट्टा म्हणजे एकेक काम. पाया, स्लॅब, प्लास्टर, सगळं एका स्क्रीनवर. टेन्शनच नाही.

बाळाबाई : मॅडम म्हणू नकोस, बाळाबाई म्हण. आमचं मालक गेल्यापासनं ही कामं माझ्या डोक्यात चालत्यात. डोक्याला वायर लागत न्हाई.

आशुतोष : पण बाळाबाई, मानसिंगसाहेबांचाच फोन होता. म्हणाले, कॉम्प्युटरची दोन पॅकेजं दाखव, आई जे पसंत करेल ते फायनल.

बाळाबाई : आणि सोता साइटवर पळाला. तोंड चुकवायची खोड बापाकडनं आलीय. ते ऱ्हाऊ दे. दुसरं पॅकेज कुठलं?

आशुतोष : ते साधं आहे, आमच्या वाशीच्या ऑफिसातच बनवलंय. फ्लॅटवाल्यांची नावं, सिमेंट किती आलं, किती गेलं, एवढंच. हे पट्ट्यांचं मात्र कामाच्या तारखा स्वतः काढतं. महाग आहे, पण हुशार आहे.

बाळाबाई : महाग तेवढं हुशार, असं असतं तर आमच्या आर्किटेक्टला जिना कुठं काढायचा ते कळलं असतं.

मंजुषा : चहा, आत्याबाई.

बाळाबाई : ठेव तिथं. ही आमची सून, मंजुषा. कराडची. लग्नाआधी कॉम्प्युटर शिकलीय म्हणं.

मंजुषा : वर्षभराचा कोर्स केलाय. सर्टिफिकेट आहे.

बाळाबाई : हाय की, कपाटात साड्यांच्या खाली. आमच्या घरात धंद्याला एकच बाई बसती, आणि ती बसलीय. जा, भाजी करपंल.

मंजुषा : भाजी उतरवून आलेय. जरा इथं उभी राहते.

बाळाबाई : ऱ्हा. उभं राहायला काय भाडं पडत न्हाई. हां, चालव रं तुझी पेटी.

आशुतोष : हे बघा, सानपाड्याचा तिसरा स्लॅब. मी फक्त बटण दाबलं. आली तारीख, सत्तावीस मार्च!

बाळाबाई : त्या दिवशी काय हाय?

आशुतोष : शुक्रवार.

बाळाबाई : वार न्हाई इचारला. काय हाय?

आशुतोष : काहीच नाही. वर्किंग डे.

मंजुषा : अमावास्या आहे. अठ्ठावीसला पाडवा.

बाळाबाई : पाडव्याच्या आदल्या दिवशी अमावस्या, हे शेंबडं पोरगं सांगंल. अमावस्येला आमचा गवंडी थापीला हात लावत न्हाई. तुझ्या पेटीसाठी लावंल?

आशुतोष : मग पुढे ढकलू ना. शनिवारी पाडवा, आणि रविवारी… नाही, रविवारी हे सुट्टी दाखवतंय.

बाळाबाई : रविवारी सुट्टी? कुणाच्या मामाची? आमची माणसं रविवारी कामावर आणि अमावस्येला घरी. मालकांच्या आधीपासनं असंच हाय.

आशुतोष : परदेशी पॅकेज आहे हो. तिकडे रविवार म्हणजे…

बाळाबाई : मग तिकडंच नांदू दे त्याला. ते साधं ठेव आणि चहा पिऊन जा.

मंजुषा : आत्याबाई, थांबा. सुट्टी बदलता येत असणार. भाऊ, ह्यात कॅलेंडर कुठं असतं?

आशुतोष : वरती बहुतेक. खरं सांगू? मी कधी बदललं नाही. सगळी गिऱ्हाइकं रविवारवालीच भेटली.

मंजुषा : सरका जरा. हं… हे उघडलं. रविवारची खूण काढली. आता अमावास्या घालते. सत्तावीस मार्च. पुढची सव्वीस एप्रिल ना, आत्याबाई? कॅलेंडर तुमच्या डोक्यामागेच आहे.

बाळाबाई : सव्वीसच. पण तुला खुर्चीवर बस म्हणून कोण म्हणालं?

मंजुषा : कुणीच नाही.

आशुतोष : आयला! सगळे पट्टे सरकले. रविवार मोकळे झाले ना, सानपाड्याचा स्लॅब पंचवीसलाच आला. वहिनी, तुम्ही आमच्याकडे डेमोला या.

बाळाबाई : तिला जागा दावू नकोस. पुढं.

मंजुषा : सारसोळ्याचा स्लॅब कधी धरलाय तुम्ही?

बाळाबाई : रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. हौसेरावच्या टोळीला सुपारी देऊन बसलेय.

आशुतोष : सुपारी?

बाळाबाई : घाबरू नकोस. खायची सुपारी, नारळासंगट दिलेली. म्हंजे टोळी आपली झाली.

मंजुषा : म्हणजे अठरा तारीख. आणि बोनकोड्याचा?

बाळाबाई : ते मानसिंगनं ठरवलंय. तो तारखेवर चालतो, मी तिथीवर.

मंजुषा : तो पण अठरालाच. आणि टोळी हौसेरावांचीच. मी दोन्ही घालते, बघा.

आशुतोष : लाल झालं! लाल म्हणजे एक टोळी दोन जागी, एकाच दिवशी.

बाळाबाई : हौसेराव काय मारुतीराया हाय, एक पाय सारसोळ्याला आणि दुसरा बोनकोड्याला? स्लॅब एकदा सुरू झाला की मधी थांबवता येत न्हाई. सारसोळ्याच्या गोजराबाईनं स्लॅबचं जेवान सांगितलंय अख्ख्या आळीला. तिच्या जागेवर बिल्डिंग उठती, आणि तिच्याच दारात माझं तोंड काळं. मला म्हणंल, बाळाबाईची जबान गेली.

आशुतोष : मी जरा बाहेर उभा राहतो.

बाळाबाई : बस. आता ऐकलंयस ते ऐकलंयस. मंजुषा, तुला कवा कळलं हे? आत्ता?

मंजुषा : गुरुवारी. सकाळी तुम्ही हौसेरावांशी बोलत होतात, मी चहा घेऊन आले होते. संध्याकाळी हे फोनवर बोनकोड्याची तारीख सांगत होते. तेव्हाही चहाच घेऊन आले होते.

बाळाबाई : मग तोंड शिवलं होतं?

मंजुषा : सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, भाजी करपंल.

बाळाबाई : …मी असं म्हणाले?

मंजुषा : रोज म्हणता.

बाळाबाई : बरं. आता काय करायचं ते तुझ्या त्या पेटीला इचार.

मंजुषा : पेटीला कशाला? मला विचारा.

बाळाबाई : बघा! कराडचं पाणी उसळलं. सांग.

मंजुषा : बोनकोडं वीसला न्यायचं. हे बघा, नेलं. लाल गेलं. प्लास्टर दोन दिवस पुढं जातंय, ताबा द्यायची तारीख तिथंच आहे. बोनकोड्याला नुसती तारीख सांगितलीय, जेवण नाही. तारीख हलवता येते.

बाळाबाई : आणि जेवान हलत न्हाई. खरं हाय. मानसिंगला सांगते.

मंजुषा : मी सांगते. बोनकोड्याला फोनही मीच करते.

बाळाबाई : एक ऐक. तुझ्या सासऱ्यांनी मला जल्मात कधी इचारलं न्हाई, बाळा, तुला काय वाटतं म्हणून. मी न इचारताच बोलत गेले, म्हणून ह्या खुर्चीवर हाय. इचारायची वाट बघशील, तर जल्मभर चहाच गाळशील.

मंजुषा : बोलले की आज.

बाळाबाई : गुरुवारी बोलायचं होतंस.

आशुतोष : मग बाळाबाई, कुठलं फायनल? साधं की पट्ट्यांचं?

बाळाबाई : तिला इचार.

मंजुषा : पट्ट्यांचं. साधं फक्त झालेलं लिहून ठेवतं. आपलं अडतं ते व्हायच्या आधी.

आशुतोष : मस्त! आणि ऑपरेटर आम्ही पाठवतो, महिन्याच्या पगारावर…

बाळाबाई : ऑपरेटर घरात हाय. पगाराचं तिचं मी बघीन, तू तुझ्या पॅकेजचा भाव उतरव.

आशुतोष : बघू ना, उतरवू थोडा. वहिनी, इथे वापरणाऱ्याचं नाव घाला. मानसिंगसाहेबांचं घालू?

बाळाबाई : त्याचं कशाला? तो वापरणार हाय व्हय? मंजुषाचं घाल. पुरं नाव, आडनावासकट.

आशुतोष : आणि हा पासवर्ड. म्हणजे कुलूप. तो फक्त…

बाळाबाई : तिचं ती ठरवंल. मला सांगू नकोस गं, माझ्या पोटात काय राहत न्हाई. मानसिंगला तर मुळीच नको.

मंजुषा : आत्याबाई, तुम्ही कुठं निघालात? भाऊंचा चहा गार झालाय, मी दुसरा ठेवते.

बाळाबाई : बस तिथंच, उठू नकोस. मी ठेवते.

मंजुषा : अहो, पण तुम्ही…

(बाळाबाई स्वयंपाकघराच्या दारात थांबतात.)

बाळाबाई : मंजुषा, दोन वर्सं झाली, कधी इचारलंच न्हाई. तुला साखर किती लागती गं?