वाया गेलेल्या फ्रेम

…निगेटिव्हची पट्टी कापत होतो, तेव्हा बाईंचे यजमान दुकानात आले.

(जबाब देणार यांनी इथूनच सांगायला सुरुवात केली, म्हणून इथूनच लिहून घेतले. नाव व पत्ता वेगळ्या कागदावर. वय ५४, धंदा फोटो धुणे व छापणे, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, पत्नीसह.)

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, बाई म्हणजे वाचनालयात पुस्तके देतात त्या बाई. त्यांच्याकडे खिशात मावेल असा, नुसते बटण दाबायचा कॅमेरा आहे. रोल आपोआप सरकतो, फ्लॅश आपोआप पडतो, कोपऱ्यात नारिंगी तारीख उमटते. गेल्या आठ महिन्यांत त्यांनी माझ्याकडे सहा रोल दिले. त्यांत कुंड्या, बहिणीची मुले, वाचनालयाच्या खिडकीतले मांजर असे फोटो असतात. फोटो त्या घरी नेतात. निगेटिव्ह नेत नाहीत. "इथेच राहू द्या दादा, घरी जागा नाही," असे त्या पहिल्या वेळी म्हणाल्या. मी पट्ट्या बुटांच्या खोक्यात ठेवल्या.

माझ्या दुकानाची पद्धत अशी की, छापण्याआधी मी प्रत्येक फ्रेम पाहतो. हललेली, बोट आडवे आलेली, चुकून जमिनीची निघालेली, आरशात फ्लॅश चमकलेली अशी फ्रेम मी छापत नाही. गिऱ्हाइकाला भुर्दंड नको. हे मी सवयीने करतो.

बाईंच्या प्रत्येक रोलमध्ये दोन-तीन फ्रेम अशा निघत. फार जवळून काढलेल्या, पुसट, फ्लॅशने पांढऱ्या झालेल्या. असला कॅमेरा दोन हातांच्या आत स्पष्ट काढत नाही. बटण चुकून दाबले जाते असे मी धरले.

दुसऱ्या की तिसऱ्या रोलच्या वेळी त्यांनी पाकीट काउंटरवरच मोजले. "दादा, दोन राहिले का?"

मी म्हणालो, "ते वाया गेले, ताई. फार जवळून काढता तुम्ही. तीन पावलं मागे सरकत जा."

"तीन पावलं मागे कशी सरकू? हात माझाच आहे."

मी हसलो. मागे गिऱ्हाइके उभी होती, तीही हसली. बाईंनी पाकीट पिशवीत ठेवले. मग तारीख बरोबर उमटते का, असे विचारले. मी म्हणालो, "तारीख एकदम चोख." त्या गेल्या.

मंगळवारी साडेपाचला यजमान आले ते सहाव्या रोलसाठी. बाईंना बरे नाही असे म्हणाले.

"काय फोटोवाले, झाला का आमच्या मंडळींचा रोल?"

"झाला की. पण वहिनींना एकदा कॅमेरा शिकवा तुम्ही. मांजर सोडून स्वतःच्या दंडाचेच फोटो काढतात. प्रत्येक रोलमध्ये दोन तरी!"

ते हसले. मीही हसलो. "बघू," म्हणून त्यांनी पट्टी ट्यूबलाइटपुढे धरली. मग ते हसत नव्हते.

"ह्या पट्ट्या किती दिवस टिकतात?"

"जपल्या तर आपल्यानंतरही."

"आधीच्या कुठे आहेत?"

"गिऱ्हाईक घेऊन जातं," असे मी म्हणालो. हे खोटे होते. खोके माझ्या पायाशी होते. त्यांनी सहावा रोल नेला.

खोटे का बोललात, असे आपण विचारले. मला त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी समजले होते. ते काय, हे मी स्वतःला विचारले नाही. दुकान आठला बंद केले, जेवलो. बुधवारी दिवसभर दुकानात होतो. वाचनालय माझ्या दुकानासमोर आहे. रस्ता ओलांडला नाही.

गुरुवारी बाईंना दवाखान्यात नेल्याचे कळले. जिन्यावरून पडल्या असे यजमान सांगतात. शुक्रवारी अकरा वाजता हवालदार दुकानात आले. बाईंचा जबडा बांधला आहे, त्यांनी बहिणीला कागदावर "फोटो दुकानात आहेत" एवढेच लिहून दिले आहे, असे ते म्हणाले. मी म्हणालो, "साहेब, शंभर गिऱ्हाइकं येतात, कोणाचं काय लक्षात राहणार?" हेही खोटे होते.

हवालदार गेल्यावर माझी पत्नी वरून खाली आली. ती म्हणाली, "एरवी तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि आज मिठाची गुळणी धरून बसलात?"

मी म्हणालो, "दुकानाचं नाव जाईल."

"त्या बाईला सोमवारी घरी सोडणार आहेत. त्याच घरी."

आज शनिवार. मी आपण होऊन आलो आहे. मला कोणी बोलावले नाही.

निगेटिव्हवर काही दिसले होते का, असे आपण दोनदा विचारले. निगेटिव्हवर सगळे उलटे असते. उजळ ते काळे, काळे ते उजळ. दंडावर वळ असतील तर ते तिथे फिकट दिसतात. फिकट पट्टे होते. एका ठिकाणी चार, शेजारी शेजारी. मला वाटले, प्रकाश शिरला असेल. उलटे चित्र सुलटे वाचणे हाच माझा एकोणीस वर्षांचा धंदा आहे.

पाच रोलच्या पट्ट्या माझ्याकडे आहेत. त्या छापल्या तर पुसट येतील, पण येतील. तारखा पुसट येणार नाहीत.

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. "सवयीने" हा शब्द काढा असे मी म्हणालो होतो. नंतर तो राहू द्या म्हणालो. बाकी मी बोललो तसेच उतरले आहे. खाली माझी सही.

पुढील नोंद : दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता पंचांसमक्ष दुकान उघडले. खोक्यातल्या पट्ट्यांमधून पूर्वी न छापलेल्या बारा फ्रेम जबाब देणार यांनी स्वतः छापल्या. अकरा पुसट आहेत, तारखा वाचता येतात. बारावी पाचव्या रोलमधली, आरशात काढलेली. बाई आरशापासून तीन पावलांवर उभ्या आहेत. चेहऱ्याच्या जागी फ्लॅशचा पांढरा गोळा आहे. कॅमेरा धरलेल्या हातांच्या बाह्या खांद्यापर्यंत वर सारल्या आहेत. फोटो स्पष्ट आहे.