पेजेत भिजवलेला मका

नाही, नाही, बोलू नका बाई — इंजेक्शन दिलंय, जीभ चावाल — आणि ही ऐकीव गोष्ट नाही. म्हणजे, ऐकलेलीच आहे, पण कधी आणि कुणाकडून ते नेमकं सांगतो. सोळा जानेवारी, शुक्रवार, सकाळी सव्वाअकरा, खडवलीला, आमच्या कॉलेजच्या जनावरांच्या शेडमध्ये, कांताबाईंच्या तोंडून. कांताबाई म्हणजे तिथल्या डुकरांचं खाणंपिणं बघायच्या त्या. हो, डुकरंच — हसू नका, ओठ बधिर आहे तुमचा. डुकराच्या जबड्याचं हाड बरंचसं आपल्या हाडासारखं भरून येतं, म्हणून माणसाआधी त्यांच्या जबड्यात स्क्रू बसवून बघतात. तुम्हाला आज बसवायचा आहे, तोच स्क्रू. बारा डुकरं होती. दाढा काढल्या, तीन महिने थांबलो, मग स्क्रू घातले आणि त्याच दिवशी वर दात चढवले. पुढे आठ आठवडे शेडमधल्या डावीकडच्या सहांना मऊ खाणं आणि उजवीकडच्या सहांना वाळलेला मका, खाद्याच्या कडक गोळ्या. प्रश्न एवढाच, की ताज्या स्क्रूवर कडक चावलं तर हाड त्याला धरतं की सोडतं? तुम्हीच शिकवलंत ना सातवीत — दोन कुंड्या, एक उन्हात, एक अंधारात, बाकी सगळं सारखं — अगदी तसंच.

आठ आठवड्यांनी बाराही डुकरं मारली — मारली म्हणतो मी, प्रबंधात दुसरा शब्द आहे — आणि सूक्ष्मदर्शकाखाली हाड पाहिलं. दोन्हीकडे सारखंच, उत्तम भरलेलं. म्हणजे काय? म्हणजे कडक चावलं तरी बिघडत नाही. सर खूश — सर म्हणजे माझे मार्गदर्शक, हा दवाखानाही त्यांचाच — लेख छापून आला, आणि तेव्हापासून इथे आज स्क्रू, आजच दात, उद्या भाकरी. तुम्हालाही तेच सांगितलं असेल. सांगितलंच असेल.

मग ती सोळा जानेवारी. राहिलेलं सामान आणायला गेलो होतो. कांताबाई चहा ओतता ओतता म्हणाल्या, "उजवीकडची सहाही लई गुणाची होती हो डॉक्टर. भिजवून दिलं की दाणा मागं ठेवत नव्हती." मी म्हटलं, भिजवून? कशात? "पेजेत. टाके घातलेल्या जिवाला सुका मका घालायचा? तुमच्या घरी कुणी दुखणाईत पडलं तर काय चणे देता खायला?" फोन रोज करत होतो बाई, एक दिवस चुकवला नाही. "कांताबाई, खाल्लं का?" "खाल्लं." की मी वहीत खूण करायचो. छप्पन्न दिवस, छप्पन्न खुणा. कसं खाल्लं, हे एकदाही विचारलं नाही. दोन्ही कुंड्या उन्हातच होत्या. बारा जीव गेले आणि आपल्याला काहीही कळलेलं नाही — स्क्रू वाईट आहे असं मी म्हणत नाही हं, तेसुद्धा कळलेलं नाही.

मी हे कुणालाच सांगितलं नाही — नाही, हे खरं नाही. सरांना सांगितलं. कांताबाईंच्या नावासकट सांगितलं. सर म्हणाले, "अरे ऋतुराज, चहा पिताना कुणी काही बोललं, तो काय पुरावा झाला? तू प्रबंध लिहीत बस." पुढच्या सोमवारी कांताबाई कामावर नव्हत्या. लेख आहे जागेवर.

म्हणून म्हणतो, स्क्रू आज बसवू आणि वरचा दात तीन महिन्यांनी — जुनी रीत आहे, धिमी, पण सांभाळून चालणारी — अशी मान हलवू नका ना. शनिवारी लेकीकडे नागपूरला निघायचंय, बाळकुमचं घर रिकामं झालंय, परत येणं नाही, सगळं माहीत आहे मला. पण तिथे स्क्रू हलला तर बघणार कोण? सरांनी आजच दात द्यायचा शब्द दिलाय... हो. दिलाय खरा.

एक गोष्ट मात्र मला कधीच पडताळता आली नाही. कांताबाई असंही म्हणाल्या होत्या, की पहिल्याच आठवड्यात त्यांनी मोठ्या डॉक्टरांना, म्हणजे सरांना, विचारलं होतं, भिजवून देऊ का म्हणून, आणि ते म्हणाले होते, दे. खरं असेल, किंवा माझा चेहरा पाहून घाबरून तेवढं जोडलं असेल. पुन्हा विचारायला गेलो तर घराला कुलूप. सरांना विचारायला दोनदा केबिनच्या दारापर्यंत गेलो. प्रबंधावर त्यांची सही व्हायची आहे अजून, आणि ती एकदा — काय सर? नाही सर, काही नाही, बाईंना पथ्य समजावत होतो. हो. हो, दात आजच. — आ करा, बाई. आणखी.