बाप्पाची लायटिंग आणि माझी हार्ड डिस्क

हार्ड डिस्कचं नाव काढू नकोस यार माझ्यासमोर! गणपतीत वाट लागली होती माझी. मी केलेलं एका लग्नाचं अख्खं शूटिंग त्या डिस्कवर, संध्याकाळी मुलीचे वडील व्हिडिओ न्यायला मुलुंडला घरी येणार, आणि डिस्क लॅपटॉपला लावली की टकटक करून बंद! केबल बदलली, लॅपटॉप दोनदा बंद-चालू केला, काही नाही. शेवटी कॉम्प्युटरवाल्या मित्राला, समीरला फोन लावला.

"पॉवर पुरत नसेल रे. दुसऱ्या पोर्टला काय लावलंयस?"

"काही नाही. येडा आहे का मी?"

"बघ तरी."

बघितलं. लॅपटॉपच्या मागून एक बारीक वायर थेट मखरात गेलेली. बाप्पाची लायटिंग!

"आई, ही इथे कुणी लावली?"

"मी. चार्जरला माझा मोबाईल आहे ना."

"अगं, तिच्यामुळे माझी डिस्क बंद पडतेय!"

आई माझ्यावरच उखडली. "म्हणजे सकाळपासून बाप्पाचे लाईट मिचमिचतायत ते तुझ्या या डब्यामुळे होय? काढ आधी तो!"

काढला. सणाच्या दिवशी तिच्याशी कोण भांडणार?

संध्याकाळी मुलीचे वडील आले. व्हिडिओ तयार नाही म्हटल्यावर तोंड पाडून बसले. मग बाप्पाला हात जोडले, मोदक खाल्ला आणि मला म्हणाले, "लायटिंग मात्र झकास आहे हं!"